मापावर चिमूटभर

कॉफीच्या कंपनीने काढलेली ती चिमुकली चौकट.
चार बोटं रुंद, तपकिरी कड, कोपऱ्यात वाफाळता कप
आणि मधोमध आकडा:
आज तुमच्या गावी उजेड किती.
औलूत, ऐन डिसेंबरात, तीन तास बत्तीस मिनिटं.

फुकट होती. कुणीही न्यावी,
आपल्या पानावर डकवावी,
ती बघून शेजाऱ्याने आपल्याकडे न्यावी,
विलीचं विरजण इथे वाटीवाटीने घरोघर जातं तशी.
फरक एवढाच, की हे विरजण
रोज रात्री मला येऊन सांगायचं
कोणत्या घरात लागलं, किती घट्ट,
आणि वाटीवर कोण किती वेळ वाकलं होतं.

मी मोजणारी. तिसरा मजला, खिडकी गोठलेल्या बंदराकडे.
काम कानोसा घेण्याचं,
पगारपत्रकावर त्याला प्रेक्षकमापन म्हणत.
चर्चच्या गायनमंडळाकडे एकोणीस सेकंद,
घटस्फोटाच्या वकिलाकडे चार,
आइस हॉकीच्या पोरांकडे शून्य पूर्णांक काहीतरी,
ती नुसती स्कोअर बघून पळायची.
उजेडाचं कुणाला पडलं नव्हतं.
यल्मारी, आमचा विपणनप्रमुख, म्हणायचा,
कप दिसला ना? दिसणं म्हणजे अर्धा घोट.

मग एका मंगळवारी उत्स्योकीहून एक ओळ आली.
टायर आणि स्नोस्कूटर दुरुस्ती, मालकीण राव्दना.
सरासरी थांबा: सहा मिनिटं.

सहा!
तिथे सूर्य नोव्हेंबरात जातो
तो जानेवारीपर्यंत तोंड दाखवत नाही.
तिथे आमची चौकट इमानाने सांगते,
शून्य तास, शून्य मिनिटं.
शून्यापुढे सहा मिनिटं कोण बसून राहतं?

पान उघडलं. कड तीच, कप तोच.
आकडा: शून्य तास, दहा मिनिटं.
कोड उलगडला, तर आमच्या बेरजेच्या शेपटाला
कुणीतरी गाठ मारलेली:
अधिक दहा.
खुलासा नाही, विनोद नाही.
मासळीबाजारातली बाई काटा स्थिर झाल्यावरही
दोन मुइक्कू मासे वर टाकते, तसं.

यल्मारीला सांगितलं. नियमाने
बिघडलेली प्रत बंद करायची असते.
पण त्याला फक्त सहा मिनिटं दिसली.
सगळ्यांनाच देऊ, म्हणाला, दहा-दहा!
दिली.
आठवडाभर अख्ख्या देशात कागदोपत्री
दहा मिनिटं जास्त उजाडत होतं.
थांबा अर्ध्या सेकंदानेही वाढला नाही.
दोन निवृत्त शिक्षकांची तक्रार आली, पंचांगाची प्रत जोडून.

पण मी त्या आठवड्यात बघत होते फक्त एकच ओळ.
आमचे दहा, तिचे दहा:
सोमवारी राव्दनाकडे वीस मिनिटं उजेड होता.
मंगळवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी,
तिने आपले दहा काढून घेतले.
आणि आम्ही शरमून आमचे मागे घेतले
त्या रात्री
पुन्हा घातले.

मापात पाप असतं, हे लहानपणापासून ऐकलेलं.
पापातही माप असतं
हे मला तिच्याकडून कळलं,
जिला मी कधी फोन केला नाही.
नंबर होता. पानावरच होता, टायरच्या चित्राखाली.
उचलला असता तर विचारावं लागलं असतं
तिथे खुर्चीत कोण बसतं, कुणासाठी दहाच,
आणि मग तेही कुठल्यातरी रकान्यात भरावं लागलं असतं.

वसंतात मोहीम संपली. सर्व्हर बंद करायच्या आधी
शेवटचा अहवाल. कोणती प्रत का वेगळी वागली,
त्यासाठी एक रकाना होता, बारीक,
जेमतेम एका शब्दाचा.
मी लिहिलं: तांत्रिक.

तिचं बटण सगळ्यात शेवटी दाबलं.
तेव्हा उत्स्योकीत रात्रच होत नव्हती,
चौकटीत चोवीस तास,
आणि दहा मिनिटं.